बांगड्याचा डोळा

साहेब, तुम्ही लिहा, मी सांगतो.
पण आधी तो पंखा बंद करा. रजिस्टरची पानं उलटतायत
आणि मला एकच पान दाखवायचंय.

काणकोणच्या आरोग्य केंद्रात मी फार्मसिस्ट, अकरा वर्षं.
सकाळी नऊ, दुपारी चार,
काट्यावर नजर, आकडा रजिस्टरात.
दोन ते आठ.
दोन आणि आठ यांच्या मध्येच
देशातली सगळी बाळं राहतात,
असं ट्रेनिंगला शिकवलं होतं.

कुशावती कॅरियर्सची गाडी आली,
पांढरी, दारावर निळा हिमकण रंगवलेला,
रंग इतका ताजा की सांतान ड्रायव्हरच्या बाहीला लागलेला.
दार उघडलं तसा माशांचा वास आला.
म्हणजे आला असं मी म्हणत नाही, पियेदाद म्हणाली.
ती गेटाबाहेर पाटली घेऊन बसते.
"बांगडे," म्हणाली. "कालचे. बर्फ उणें पडलां."
गाडीत न डोकावता.

प्रत्येक कुपीवर एक वर्तुळ असतं, वर्तुळात चौकोन.
चौकोन पांढरा, तर कुपी जिवंत.
ऊब लागली की करडा होत जातो,
वर्तुळाइतका काळवंडला की संपलं.
पियेदादला दाखवलं. तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
"हो दोळो," म्हणाली, "नुस्त्याचो पळयतात, तशेंच मगो हें."
तेव्हापासून मी डोळाच म्हणतो.
जबाबात चालत नसेल तर खोडा.

तीनशे चाळीसपैकी एकशे बारा डोळे काळे.
गाडीचा काटा पाहिला, लिहिलं: १४.

फोन आला मडगावहून, मग पणजीहून,
मग जिथला नंबर दिसत नाही तिथून.
आवाज गोड होता, घरच्यासारखा.
"त्यातला एक काढून टाका हो.
चार उरतात. चार चांगला आकडा."

आता पर्वरीला रण पेटलंय.
हे म्हणतात, एकाच घरातून तीन टेंडरं भरली,
भाऊ, भावजय, आणि भावजयीचा मयत बाप.
ते म्हणतात, मागच्या सरकारात तर गाड्याच नव्हत्या.
मागच्या सरकारातही तेच होते, बाकं तेवढी पलीकडची.
एक फाइल फडकवतो, दुसरा जाड फाइल फडकवतो.
हौद्यात उतरतात आणि कोरडे वर येतात.
कुपीमागे कोणाला किती सुटले, यावर तीन दिवस.
कुपीत काय उरलं होतं,
यावर अजून कोणी उठलेलं नाही.

सांतानला काढलं, ते तुम्हाला ठाऊक असेल.
गाडी कुटबणच्या जेटीवर उभी आहे.
हिमकणाचे पोपडे निघाले, खालून
जुना मासा वर येतोय, अर्धा.

तुम्ही विचारता, आकड्यात फेरफार केला का.
हे पान. उजेडात धरा.
एकावर ब्लेडचा ओरखडा आहे. माझाच.
मुलीची फी भरायची होती, असं म्हणणार नाही,
भरलेली होती.
खरवडत गेलो. कागद पातळ झाला,
पलीकडून खिडकी दिसायला लागली,
तेव्हा हात थांबला.
त्याबद्दल काय ते कलम लावा.

फक्त आदलं पान बघा, जमलं तर.
त्या आठवड्यात मी रजेवर होतो.
चार, चार, चार, चार,
एकाच पेनाने, एकाच बैठकीत, सुंदर अक्षर.
त्या आठवड्यात खोतीगावची अकरा बाळं टोचून गेली.

काल त्यातल्या एकाची आई, शेवंती वेळीप,
गेटापाशी उभी होती. मूल कडेवर, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत.
"परत टोचपाचें काय?" विचारत होती.
पियेदाद मासे सोडून माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, विचारून सांगतो.

समन्स तुमचं होतं, साहेब,
पण आलो ते त्यासाठी.